हातातलं सामान : एक बोका

काटेसाहेबांचं खरं आडनाव काटे नव्हतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून ते जन्मभर दुकानादुकानांतून तराजूंचे काटे तपासत हिंडले, त्यामुळे लोक त्यांना काटेसाहेब म्हणू लागले, आणि पुढे पुढे पोस्टमनही त्याच नावानं हाक मारू लागला. निवृत्त झाल्यावरही त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. बाजारात भाजी ताजी आहे का हे बायको बघायची आणि पारडं सरळ आहे का हे काटेसाहेब बघायचे. परिणामी घराजवळ त्यांना कुणी भाजी देत नसे. अशा माणसाला एका बोक्याच्या वजनापायी भर विमानतळावर मान खाली घालावी लागली, ही गोष्ट त्यांनी स्वतःहून कुणाला सांगितली नसती. पण बायकोनं ती अख्ख्या इमारतीला सांगून टाकली आहे, त्यामुळे आता लपवण्यात अर्थ नाही.

झालं असं, की काटेसाहेबांची आई चार दिवसांसाठी म्हणून लेकीकडे दूरच्या शहरात गेली आणि तिथल्या न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली, डॉक्टर खूश झाले. आई तेवढी खूश नव्हती. तिनं अंथरूण धरलं ते धरलंच. लेक, म्हणजे काटेसाहेबांची धाकटी बहीण, स्वतः फिजिओथेरपिस्ट. शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना तिनं दरडावून चालायला लावलं होतं, पण स्वतःच्या आईपुढे तिची मात्रा चालेना. कॉटशेजारी वॉकर उभा करून ठेवला होता आणि आई त्याच्यावर टॉवेल वाळत घालत होती. आज कंबर धरलीय, उद्या बघू. उद्या आभाळ आलंय, परवा बघू. शेवटी डॉक्टरांनी बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं, की आत्ता उठल्या नाहीत तर पुढे मनात आलं तरी उठता यायचं नाही. बहिणीनं ते आईला जसंच्या तसं ऐकवलं. आईनं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "भोपळ्याला आणा. मग बघते."

भोपळ्या म्हणजे आईचा बोका. रंग भोपळ्याचा, आकार भोपळ्याचा, आणि एक कान कुठल्याशा जुन्या मारामारीत फाटलेला. आईवर त्याचा जीव होता, बायकोशी त्याचं दूधदुभत्यापुरतं जमायचं, आणि काटेसाहेबांशी त्याचं पहिल्यापासून बिनसलेलं होतं. काटेसाहेबांच्या आरामखुर्चीचा ताबा त्यानं कधीच घेतला होता. साहेब आपल्याच घरात पोटभाडेकरू असल्यासारखे स्टुलावर बसून पेपर वाचत. तशी भांडणं होत नसत. दोघांनी बोलणंच टाकलं होतं.

बहिणीनं फोनवर सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "दादा, मला माहितेय हे वेड्यासारखं आहे. पण तू त्याला घेऊन ये." तिचा आवाज एरवी दरडावणाऱ्या बाईचा. तो असा मऊ झालेला ऐकल्यावर काटेसाहेबांना नाही म्हणवेना.

प्रश्न होता न्यायचं कसं. रेल्वेनं जायला दोन रात्री लागत. दोन रात्री हा बोका डब्यात रडला तर लोक दोघांनाही मधल्या स्टेशनावर उतरवतील, असं बायकोचं मत पडलं. विमानात फार तर दोन-अडीच तास रडेल, आणि मुख्य म्हणजे तिथे कुणाला कुणालाच उतरवता येत नाही. तेव्हा विमान ठरलं.

ही बातमी जिन्यातून खाली उतरेपर्यंत इमारतीत तज्ज्ञमंडळ स्थापन झालं होतं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहत. ते एकदा विमानानं जाऊन आले होते आणि तेव्हापासून हवाई वाहतूक हा विषय इमारतीत त्यांच्याकडे होता. त्यांनी सांगितलं की वर गेल्यावर कानात दडे बसतात, माणूस जांभई देऊन ते सोडवतो, बोक्याला हे कसं समजावणार? तेव्हा त्याच्यासमोर आपण सतत जांभया द्यायच्या, म्हणजे तोही देईल. समोरच्या काकूंचं म्हणणं, बोक्याला आठवडाभर आधीपासून पिशवीत झोपायची सवय लावायला हवी. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी कुणीही न विचारता एवढंच सांगितलं, की विमानात बोका कुणाला चावला तर जबाबदारी कोणाची हा फार रंजक मुद्दा आहे. आणि ते निघून गेले. काटेसाहेबांना रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विमान कंपनीला फोन लावला. आधी एका यंत्रानं त्यांचं स्वागत केलं, मग बराच वेळ बासरी ऐकवली, मग एक अतिशय गोड आवाजाची मुलगी आली. बोका चालेल, म्हणाली. प्रवाशाच्या पायाशी, पिशवीत. डॉक्टरचा दाखला हवा, लसी टोचलेल्या हव्यात आणि पिशवीसकट वजन ठरावीक मर्यादेच्या आत हवं. वजन हा शब्द ऐकताच काटेसाहेब स्टुलावर ताठ बसले. इतका वेळ ते परक्या मुलखात होते, आता एकदम स्वतःच्या गावात आल्यासारखं त्यांना वाटलं. मग मुलीनं विचारलं, "प्राण्याची जात कोणती, सर?"

"बोका."

"हो सर, पण जात?"

काटेसाहेबांनी आरामखुर्चीकडे पाहिलं. भोपळ्या तंगडी वर करून स्वच्छतेत गुंतला होता. "गल्लीतली," ते म्हणाले. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला.

जनावरांच्या डॉक्टरांकडे जायला दोन फेऱ्या पडल्या, कारण पहिल्या दिवशी भोपळ्या कपाटामागून बाहेरच आला नाही आणि काटेसाहेब नुसतेच जाऊन वेळ बदलून आले. दुसऱ्या दिवशी तो सापडला, कारण तो आपण होऊन पिशवीत जाऊन झोपला होता. डॉक्टरांनी त्याचे दात पाहिले, डोळे पाहिले आणि त्याला वजनाच्या यंत्रावर बसवलं. वजन जास्त भरलं. नुसतं जास्त नाही, चांगलंच जास्त. काटेसाहेबांनी वाकून यंत्राच्या पाठीमागे पाहिलं, खालून पाहिलं, आणि खात्याचा शिक्का मागच्या सालचा असल्यामुळे हे वजन आपण ग्राह्य धरू शकत नाही असं जाहीर केलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बोक्याचा दाखला घ्यायला आलात की यंत्राचा? बायकोनं काटेसाहेबांना बाहीला धरून मागे ओढलं. दाखला मिळाला. त्यात 'प्रकृती उत्तम' असं लिहून डॉक्टरांनी पुढे, कुणी मागितलं नसताना, 'स्थूल' असंही लिहिलं.

घरी काटेसाहेबांचा स्वतःचा काटा होता. शहरात याहून खरा काटा नाही, असं ते म्हणत, आणि ते खरंही असावं. त्या काट्यानंही तेच सांगितलं. तेव्हा भोपळ्याला पथ्य सुरू झालं. सकाळी मोजून, संध्याकाळी मोजून, मध्ये काही नाही. काटेसाहेब रोज त्याचं वजन घेत आणि रोज ते किंचित वाढलेलं असे. त्यांच्या सगळ्या नोकरीत असा चमत्कार त्यांनी पाहिला नव्हता. घातलेलं कमी आणि भरलेलं जास्त, म्हणजे कुठेतरी लबाडी असणार, हे त्यांच्यातल्या निरीक्षकानं ओळखलं. त्यांनी गुपचूप बोक्याचा पाठलाग केला. भोपळ्या आधी काकूंकडे गेला. तिथे त्याचं नाव राजा होतं. मग तो मॅनेजरांकडे गेला, तिथे त्याला वाघोबा म्हणत. वकिलांकडे तर त्याची स्वतःची बशी होती. भोपळ्या उपाशी ठेवला जातोय अशी इमारतीत हळहळ होती आणि जो तो आपल्या परीनं अन्याय दूर करत होता. काटेसाहेबांनी दारोदार जाऊन समज दिली. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि बशा दाराआड नेल्या.

शेवटी बोका हलका होत नाही म्हणताना त्यांनी पिशवी हलकी केली. जाळीची, कापडी, तळाला पातळ गादी असलेली अशी पिशवी शोधून आणली, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळं मिळून काट्यावर ठेवलं. मर्यादेच्या आत बसलं. अगदी कडेला, पण आत. काटेसाहेब खूप दिवसांनी बायकोकडे बघून हसले. तरीही विमानतळावरच्या यंत्रांवर त्यांचा भरवसा नव्हता. तिथे घाईत असलेले लोक असतात, घाईतला माणूस वजनावर वाद घालत नाही, आणि जिथे वाद होत नाही तिथला काटा बिघडतोच, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून निवृत्तीच्या दिवशी खात्यानं मखमली पेटीत घालून दिलेलं एक किलोचं पितळी प्रमाण वजन त्यांनी हातातल्या बॅगेत घेतलं. बायको म्हणाली, अहो, आईंना भेटायला चाललाय की धाड घालायला? त्यांनी बॅगेची चेन लावली.

सकाळी टॅक्सीत बसल्यापासून भोपळ्यानं जो सूर लावला तो विमानतळ येईपर्यंत सोडला नाही. टॅक्सीवाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं आणि मग रेडिओ मोठा केला. रेडिओवर एक बाई गात होत्या. त्यांच्यापेक्षा भोपळ्याचा आवाज वर जात होता, हे काटेसाहेबांनी नको असताना लक्षात घेतलं.

खिडकीवर निळ्या कोटातली एक तरुण कर्मचारी होती. तिनं मोठी सुटकेस आधी घेतली आणि ती पट्ट्यावरून आत निघून गेली. मग तिनं पडद्यावर पाहिलं, पिशवीत पाहिलं आणि कौतुकानं म्हणाली, "गल्ली जात मी पहिल्यांदाच बघतेय. परदेशी ना?" काटेसाहेबांनी मान हलवली, ती होकारार्थी की नकारार्थी हे त्यांनी तिच्यावर सोडलं. तिनं पिशवी काट्यावर ठेवायला सांगितली. ठेवली. आणि तिचा चेहरा पडला. वजन मर्यादेच्या बरंच वर होतं.

या क्षणासाठी तर ते तयारीनं आले होते. ते शांतपणे म्हणाले, की आपण वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी आहोत, या यंत्राविषयी आपल्याला शंका आहे, आणि ती आपण इथल्या इथे दूर करू शकतो. मुलीनं वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठ आले. मागे रांग वाढत होती. काटेसाहेबांनी बॅगेतून मखमली पेटी काढली, रुमालानं धरून पितळी वजन बाहेर काढलं, कारण उघड्या हाताचा घाम वजनाला लागू द्यायचा नसतो, आणि ते यंत्रावर मधोमध ठेवलं. रांगेतले लोक टाचा उंच करून पाहू लागले. यंत्रानं एक किलो दाखवलं. त्यांनी ते कोपऱ्यात ठेवलं. एक किलो. दुसऱ्या कोपऱ्यात, तिसऱ्या, चौथ्या. यंत्रानं एका ग्रॅमचाही घोळ केला नाही. काटेसाहेबांनी आयुष्यात तपासलेल्या यंत्रांत इतकं सरळ यंत्र क्वचितच पाहिलं असेल, आणि ते त्यांना मोठ्यानं सांगावं लागलं, कारण वरिष्ठांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मग काय म्हणता साहेब, बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," काटेसाहेब म्हणाले. हे दोन शब्द उच्चारायला त्यांना जेवढे कष्ट पडले तेवढे कुठल्याही दुकानदाराला दंड करताना पडले नव्हते.

यंत्र खरं आणि घरचा काटाही खरा, तर मधल्या मध्ये बोका रात्रीत फुगला कसा? त्यांनी पिशवीत हात घालून गादीखाली चाचपलं. हाताला काहीतरी गार, कठीण लागलं. ओढून काढलं तर दगडी खलबत्ता. लहानसाच, पण दगडी. नणंदेनं कधीतरी मागितला होता म्हणून बायकोनं सकाळी घाईत तो गादीखाली सरकवला होता. सुटकेस भरली होती आणि हातातली बॅग हलकी ठेव असं खुद्द काटेसाहेबांनीच तिला बजावलं होतं. भोपळ्या बिचारा टॅक्सीभर दगडावर बसून आला होता. त्याच्या रडण्याचा अर्थ आता लागला आणि काटेसाहेबांना त्याच्याविषयी पहिल्यांदाच काहीतरी वाटलं.

खलबत्ता हातातल्या बॅगेत गेला. पुन्हा वजन झालं. तरी थोडंसं जास्त. पहाटे निरोपाच्या निमित्तानं इमारतीतल्या बशा भरल्या असणार, दुसरं काय. आता रांगेनंही प्रकरण हाती घेतलं. कुणी म्हणालं, गळ्यातला पट्टा काढा. काढला, घुंगरू होतं, ते खिशात टाकलं. कुणी म्हणालं, केस कापा. एक आजोबा म्हणाले, सोडून द्या ना, एवढ्याशानं विमान पडतंय होय? पण मर्यादा म्हणजे मर्यादा, हे काटेसाहेबांनाच पटत होतं, त्यामुळे ते मुलीशी हुज्जतही घालू शकेनात. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांना हेच तर ऐकवलं होतं, की थोडंसं असं काही नसतं. ते पिशवीकडे बघत नुसते उभे राहिले. आईची भिंतीकडे वळलेली पाठ त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

तेवढ्यात भोपळ्यानं, गर्दीमुळे म्हणा की सकाळपासूनच्या छळामुळे, पिशवीतच कार्यभाग उरकला.

वास पसरला. रांग एक पाऊल मागे सरली. यंत्रावरचा आकडा अर्थातच हलला नाही, कारण जे बोक्यात होतं ते आता गादीवर होतं, आणि दोन्ही पिशवीतच होतं. हे तत्त्व काटेसाहेबांच्या इतकं रक्तात होतं, की आधी ते त्यांनी मुलीला समजावून सांगितलं आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी ओली गादी दोन बोटांनी ओढून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. बोका तोच, पिशवी तीच. यंत्रानं आकडा बदलला, थोडा घुटमळला आणि मर्यादेच्या बरोब्बर खाली येऊन थांबला. रांगेत टाळ्या पडल्या. वरिष्ठांनी हात मिळवायला पुढे केला आणि विचार बदलून मागे घेतला.

पुढे सुरक्षा तपासणी. तिथला जवान म्हणाला, पिशवी यंत्रातून जाईल, बोका तुमच्या हातात, आणि तुम्ही त्या चौकटीतून. काटेसाहेबांनी भोपळ्याला आयुष्यात पहिल्यांदा छातीशी धरलं. तो त्यांच्या छातीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून डोक्यावर चढला आणि तिथे नखं रोवून बसला. तशा अवस्थेत ते चौकटीतून गेले आणि चौकट किंचाळली. खिशातलं घुंगरू. जवानानं अजिबात न हसता त्यांना हात आडवे पसरायला सांगितले. त्यांनी पसरले. भोपळ्या त्यांच्या उजव्या हातावरून मनगटापर्यंत चालत गेला, तिथून सगळा परिसर न्याहाळला आणि परत डोक्यावर येऊन बसला.

इकडे पडद्यासमोर बसलेल्या बाईंनी बॅग अडवली होती. आत काळाकुट्ट, भरीव, गोल असा एक पदार्थ दिसतोय, काय आहे?

"वजन," काटेसाहेब डोक्यावरच्या बोक्याला सावरत म्हणाले.

"ते कळलं. पण आहे काय?"

"वजनच आहे."

पेटी उघडली. खलबत्ताही निघाला. बाईंनी दोन्ही वस्तू हातात तोलून पाहिल्या आणि निर्णय दिला. खल जाऊ शकतो, बत्ता जाऊ शकत नाही, कारण त्यानं मारता येतं. पितळी वजन तर मुळीच नाही, कारण ते फेकून मारता येतं. मोठ्या सामानात टाकायचं असेल तर पुन्हा बाहेर जाऊन रांगेत उभं राहावं लागेल, पण विमानाची शेवटची सूचना तर आत्ताच झाली. काटेसाहेबांनी पेटीकडे पाहिलं. सगळ्या नोकरीचं म्हणून दाखवायला त्यांच्याकडे तेवढी एकच वस्तू होती. खात्यातल्या लोकांनी तिच्यावर त्यांचं खरं नाव कोरलं होतं. त्यांना वादही घालता येईना, कारण डोक्यावर बोका असलेल्या माणसाचा वाद कुणी मनावर घेत नाही. त्यांनी पेटी बाईंच्या पुढे सरकवली आणि एवढंच सांगितलं, की हाताळताना रुमालानं धरा, घामानं फरक पडतो. बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि टेबलावरचं एक स्वच्छ फडकं पुढे ओढलं.

विमानात त्यांच्या शेजारी एक प्रशस्त गृहस्थ होते. आपल्याला मांजर चालत नाही, असं त्यांनी बसतानाच कळवलं. काटेसाहेबांनी पिशवी पायांशी सरकवली आणि भोपळ्या पुन्हा सुरू होण्याची वाट पाहू लागले. भोपळ्या गप्प होता. विमान पळू लागलं, घरघरलं, नाक वर करून उठलं, आणि जमीन तिरकी होऊन खिडकीतून निघून गेली. भोपळ्या गप्पच. आवाज आला तो काटेसाहेबांच्या तोंडून. मोठा नव्हता, पण शेजारच्यांनी वळून पाहिलं.

गेले कित्येक दिवस सगळ्यांनी बोका विमानात कसा राहील याची चिंता वाहिली होती. त्या गडबडीत काटेसाहेबही पहिल्यांदाच विमानात बसताहेत, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्यासुद्धा. आता ढगांत विमान खडबडीत रस्त्यावरच्या बससारखं हादरायला लागलं, कानांत दडे बसले, आणि त्यांना मॅनेजरांच्या जांभया आठवल्या. ते जाळीकडे तोंड करून जांभया देऊ लागले. भोपळ्यानं त्या दोन-चार पाहिल्या आणि डोळे मिटून घेतले. हवाई सुंदरी येऊन विचारून गेली, बरं वाटतंय ना? काटेसाहेब म्हणाले, हो, झोपलाय तो. ती म्हणाली, मी तुमचं विचारतेय. पुढच्या धक्क्याला त्यांनी पिशवीची चेन थोडी उघडून आत हात घातला. आधाराला म्हणून, दुसरं काही नाही. आत ऊब होती, आणि इंजिनाहून बारीक अशी एक घरघर चालली होती. विमान उतरेपर्यंत त्यांनी हात बाहेर काढला नाही. पिशवी मधल्या मध्ये कलंडू नये म्हणून शेवटी ती शेजारच्या गृहस्थांनी आपल्या मांडीवर घेतली. मला चालत नाही, असं ते अधूनमधून म्हणत होते आणि जाळीतून एका बोटानं फाटका कान खाजवत होते.

बहिणीच्या घरी पोचले तेव्हा आईनं केस विंचरून घेतले होते आणि उशीला टेकून ती दाराकडे डोळे लावून बसली होती. वॉकरवर टॉवेल होताच. काटेसाहेबांनी खोलीच्या मध्यभागी पिशवी ठेवली आणि चेन उघडली. आईनं दोन्ही हात पसरले. भोपळ्या बाहेर आला, अंग ताणलं, कॉटपाशी जाऊन आईच्या हाताचा वास घेतला. त्या हाताला मलमाचा आणि औषधांचा उग्र दर्प होता. त्यानं नाक मागे घेतलं. मग या परक्या घरात ओळखीचं काय आहे हे त्यानं चहूकडे पाहून ठरवलं, आणि तो खिडकीजवळच्या खुर्चीत घामाघूम होऊन पडलेल्या काटेसाहेबांच्या मांडीवर चढून, दोन गिरक्या घेऊन, गोल झाला.

 काटेसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यासाठी एवढा आटापिटा केला तेच बिनसलं होतं. त्यांनी भोपळ्याला हलकेच ढकललं, तर त्यानं पँटीत नखं रुतवली. बहीण कपाळाला हात लावून भिंतीशी उभी होती. आईचे हात अजून पसरलेलेच होते. ते तिनं हळूहळू खाली घेतले. आधी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते जिरून तिथे दुसरंच काहीतरी आलं. काटेसाहेबांना लहानपणापासून त्याची भीती वाटत आलेली होती.

"तो टॉवेल काढ गं तिथला," आई म्हणाली.

बहिणीनं टॉवेल काढला. आईनं पाय खाली सोडले, दात आवळले, वॉकर धरला आणि उभी राहिली. बहीण धावली, तशी तिनं मानेनंच तिला थोपवलं. पाऊल टाकलं, थांबली, कण्हली, पुन्हा टाकलं. कॉटपासून खिडकी ती केवढीशी लांब, पण तिला पोचायला इतका वेळ लागला की काटेसाहेबांच्या पायाला मुंग्या आल्या. खुर्चीपाशी पोचल्यावर ती धापा टाकत भोपळ्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. "दोन महिने नव्हते, तर लगेच दुसरी मांडी," ती म्हणाली. हे नेमकं कुणाला म्हणाली ते कळलं नाही. मग तिनं काटेसाहेबांना उठायला लावलं आणि त्यांच्या जागेवर बसली.

दुसऱ्या दिवशी बहिणीनं खुर्ची खिडकीपाशी न ठेवता दाराशी ठेवली आणि म्हणाली, "दादा, बस जरा." काटेसाहेब बसले, भोपळ्या मांडीवर आला, आणि थोड्या वेळानं आतून वॉकरचा टकटक आवाज ऐकू आला. त्यानंतर खुर्ची स्वयंपाकघरात गेली, मग गॅलरीत, मग जिन्याच्या तोंडाशी. शासनाच्या सेवेतला एक निवृत्त निरीक्षक आमिष म्हणून वापरला जात होता. आठवड्यासाठी आलेले काटेसाहेब महिना झाला तरी तिथेच होते. बायकोचा फोन आला की ते म्हणत, इथे जरा काम आहे.

एका सकाळी बहिणीनं त्यांना इमारतीखालच्या बागेत, पार पलीकडच्या बाकावर नेऊन बसवलं. शेजारीपाजारी ये-जा करताना मांडीवर बोका घेऊन बसलेल्या या गृहस्थांकडे बघत होते आणि काटेसाहेब पेपर वाचत असल्याचा आव आणत होते. वॉकर आता सुटला होता. लिफ्टचं दार उघडून आई काठी टेकत बाहेर आली. मागे चार पावलांवर बहीण, हात मागे बांधून, लक्ष नसल्यासारखं दाखवत. आई वाफ्यांच्या कडेनं आली, मध्ये दोनदा थांबली, एका पोराच्या सायकलीला काठीनं बाजूला केलं, आणि बाकापाशी येऊन पोचली. काटेसाहेब जागा करून द्यायला उठू लागले, तर तिनं त्यांना खांदा दाबून बसवलं आणि स्वतः शेजारी टेकली. भोपळ्याला तिनं घेतलंही नाही. झोपला होता तिथेच त्याला झोपू दिलं.

धाप ओसरल्यावर तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं आणि लेकीला जवळ बोलावलं.

"उद्या याला कुठे बसवणार आहेस, तेवढं आधीच सांगून ठेव," आई म्हणाली. "लांब असेल तर मी चहा पिऊन निघेन."